दुकानातच राहिलेला कागद

माझी भाची तेव्हा बारावीत होती. गालांवर आणि कपाळावर मुरमं इतकी की ती कॉलेजात ओढणीने अर्धा चेहरा झाकून जायची. स्किनच्या डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. चिठ्ठीवर एवढंच होतं, ‘रात्री जेवणानंतर एक’. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून स्ट्रिप आणली, ती डबीत ठेवली. चौथ्या-पाचव्या रात्री अभ्यास संपवून बाराच्या पुढे तिने कॅप्सूल तोंडात टाकली, बाटलीतलं घोटभर पाणी प्यायली आणि लगेच आडवी झाली. सकाळी छातीच्या मधोमध अशी कळ, की स्वतःची थुंकीही गिळता येईना. आधी सगळ्यांना ॲसिडिटी वाटली, मग ताईचा जीव घाबरा झाला की हृदयाचं काही आहे का. दोन दिवसांनी दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा अन्ननलिकेत जखम दिसली. कॅप्सूल खाली उतरलीच नव्हती. वाटेत चिकटली आणि तिथेच विरघळली. हे औषध विरघळलं की आम्लधर्मी होतं, आणि अन्ननलिकेचं नाजूक अस्तर ते सहन करू शकत नाही.

जखम भरली. पण तीन आठवडे ती पोर पातळ पेज आणि ताकावर होती, आणि तेही परीक्षेच्या तोंडावर.

मी नंतर त्या मेडिकलमध्ये गेलो आणि त्या औषधाच्या बॉक्समधला माहितीचा कागद मागितला. दुकानदाराला नवल वाटलं, कारण तो कागद कुणी मागतच नाही. एका बॉक्समध्ये दहा स्ट्रिपा आणि कागद एकच. गिऱ्हाईक स्ट्रिप नेतं, बहुतेकदा कापलेली, आणि कागद बॉक्सबरोबर कचऱ्यात जातो. बारीक इंग्रजी टायपात त्यात स्पष्ट लिहिलं होतं की कॅप्सूल भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि घेतल्यावर लगेच आडवं होऊ नये. इशारा छापलेला होता, कंपनीने आपलं काम केलं होतं. तो माझ्या भाचीपर्यंत पोचला नाही, एवढंच.

या अनुभवानंतर मी मुरमांच्या औषधांबद्दल वाचायला लागलो आणि वाचता वाचता अमेरिकेतल्या एका मोठ्या खटल्यापाशी येऊन थांबलो. इंटरनेटवर आजही त्याबद्दल वकिलांची पानं सापडतात. ‘मुरमांच्या औषधाने आतड्याचा आजार झाला? भरपाई मिळवा’ असा त्यांचा सूर असतो. मराठी माणसंही ती वाचतात आणि मुलांची औषधं मध्येच बंद करतात. म्हणून आधी तो खटला नीट सांगतो.

औषधाचं नाव आयसोट्रेटिनॉइन. होफमान-ला रोश कंपनीचं ‘अ‍ॅक्युटेन’ हे त्याचं मूळ ब्रँडनाव. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८२ साली त्याला मान्यता दिली. चेहऱ्यावर खोल गाठी येणाऱ्या, कायमचे व्रण ठेवणाऱ्या मुरमांवर याच्यासारखं दुसरं औषध नाही, हे मी कुठलीही आडकाठी न ठेवता मान्य करतो. ज्यांचं तारुण्य त्या गाठींनी खाल्लं, त्यांना विचारावं. गर्भावरचे त्याचे दुष्परिणाम भयंकर आहेत आणि सिद्ध आहेत. त्यासाठी अमेरिकेत २००६ पासून ‘आयप्लेज’ नावाची नोंदणी-व्यवस्था आहे. डॉक्टर, रुग्ण आणि औषध दुकान या तिघांची त्यात नोंद झाल्याशिवाय तिथे हे औषध मिळत नाही.

आतड्याचं प्रकरण इतकं सरळ नव्हतं. औषध बाजारात आल्यावर काही वर्षांतच त्याच्या माहितीपत्रकात एक ओळ आली. आतड्याचा दाह, म्हणजे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, पूर्वी कधी नसलेल्या काही रुग्णांत हे औषध घेतल्यानंतरच्या काळात असा आजार दिसून आला आहे, असा तिचा आशय. ‘नंतरच्या काळात’. औषधामुळे, असं नाही. या दोन शब्दांमधल्या अंतरावर पुढे कित्येक वर्षं हजारो माणसं कोर्टात भांडली. कंपनीला यापेक्षा जास्त ठाऊक होतं आणि तिने शब्द मुद्दाम मिळमिळीत ठेवले, असं त्यांचं म्हणणं होतं.

कंपनीचं अमेरिकेतलं ठाणं न्यू जर्सीत होतं, त्यामुळे देशभरातले दावे तिथल्या अटलांटिक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, एकत्र झाले. एका तरुणाचा दावा त्यात बराच गाजला. १९९५ साली त्याने औषध घेतलं, पुढे त्याचं मोठं आतडं काढावं लागलं. २००७ मध्ये ज्युरीने त्याच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो रद्द झाला. २०१० मध्ये दुसऱ्या ज्युरीने अडीच कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली. तोही निकाल अपिलात गेला, कारण त्याच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे दाव्याची मुदत उलटली होती. अखेर २०१७ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्याचा मुदतीचा नियम लावला आणि भरपाई कायम केली. औषध घेतलं १९९५ मध्ये, न्याय २०१७ मध्ये. बावीस वर्षं.

बाकीच्यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. २०१८ साली त्याच न्यायालयाने दोन निकाल दिले आणि हा सगळा अध्याय जवळजवळ मिटला. ऑगस्टमधल्या निकालाने २,०७६ दावे बाद झाले. रुग्णांच्या तज्ज्ञांनी मोठ्या लोकसंख्येवरचे अभ्यास बाजूला सारून सुट्या केसेस आणि प्राण्यांवरचे प्रयोग यांवर निष्कर्ष उभारला, ही पद्धत शास्त्राला धरून नाही, असं खालच्या न्यायालयाचे न्यायाधीश नेल्सन जॉन्सन यांनी २०१५ मध्येच म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. ऑक्टोबरमधला निकाल ५३२ दाव्यांचा होता. त्यात न्यायालयाने म्हटलं की एप्रिल २००२ नंतरचे औषधाबरोबरचे इशारे कायद्याच्या दृष्टीने पुरेसे होते. रोशने तर २००९ मध्येच अमेरिकेत अ‍ॅक्युटेन विकणं थांबवलं होतं. कारण म्हणून स्वस्त जेनेरिक औषधांनी खाल्लेला बाजार आणि खटल्यांचा खर्च सांगितला. औषध मात्र जेनेरिक रूपात तिथेही आहे आणि आपल्याकडेही आहे. न्यू जर्सीत एडिसन किंवा जर्सी सिटीतल्या कुणा मराठी कुटुंबाला आज त्या जुन्या जाहिराती दिसल्या, तर त्यांनी हे २०१८ चे निकाल आधी वाचावेत.

आता शास्त्राचं. मला मनापासून वाटत होतं की औषधच दोषी निघेल. तसं निघालं नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या २००९ च्या अभ्यासात संबंध दिसला नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात अल्सरेटिव्ह कोलायटिसचा धोका सुमारे चौपट दिसला, पण क्रोन्सशी संबंध नाही. त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांत आणि २०१६ च्या एकत्रित विश्लेषणात धोका वाढल्याचं दिसलं नाही. गुंतागुंत अशी आहे की मुरमं आणि आतड्याचा दाह हे दोन्ही एकाच वयात डोकं वर काढतात, पंधरा ते तीसच्या दरम्यान. त्यामुळे आज औषध घेतलं आणि वर्षभराने आजार झाला, हे निव्वळ योगायोगानेही अनेकांच्या बाबतीत घडणारच. शिवाय आयसोट्रेटिनॉइनपर्यंत पोचणारा रुग्ण आधी महिनोन्‌महिने डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकं घेऊन आलेला असतो. २०१० च्या आणखी एका अभ्यासात डॉक्सिसायक्लिनचाच क्रोन्सशी संबंध दिसला होता. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात कदाचित चुकीचं औषध उभं होतं. कदाचित, एवढंच म्हणता येतं.

पोटाचे काही धोके मात्र वादातीत आहेत. आयसोट्रेटिनॉइनने रक्तातली ट्रायग्लिसराइड, म्हणजे एक प्रकारची चरबी, वाढतात. ती फार वाढली तर स्वादुपिंडाला सूज येते आणि हे दुखणं जिवावरही बेतू शकतं. यकृताच्या तपासण्यांतले आकडेही वाढतात. म्हणून औषध सुरू करण्याआधी आणि नंतर अधूनमधून रक्त तपासायचं असतं. क्लिंडामायसिन हे मुरमांवर दिलं जाणारं आणखी एक प्रतिजैविक. ते तोंडाने घेतलं तर मोठ्या आतड्यातले नेहमीचे जिवाणू मरून एक उपद्रवी जिवाणू फोफावू शकतो आणि तीव्र जुलाब लागतात. अगदी चेहऱ्याला लावायच्या क्लिंडामायसिन जेलच्या माहितीपत्रकातही हा इशारा असतो. जुलाब लागले की आपण ते कालच्या वडापाववर ढकलतो. जेलचा संशय कुणाला येईल? आणि डॉक्सिसायक्लिनचं मी सुरुवातीला सांगितलंच.

या सगळ्या माहितीचं काय होतं, हा माझा मुद्दा आहे. औषधाने आजार होतो की नाही हा एक प्रश्न. होत असण्याची शंका आहे, हे घेणाऱ्याला सांगितलं की नाही हा दुसरा. पहिल्याचं उत्तर शास्त्रज्ञांनी द्यायचं, त्याला वर्षं लागली तरी चालेल. दुसऱ्याला वर्षं लागायचं कारण नाही. शंका खोटी ठरली तरी ती सांगण्याने कुणाचं काही बिघडत नाही. खरी ठरली आणि सांगितली नव्हती, तर एखाद्याचं आतडं काढावं लागून त्याच्या पोटावर मल गोळा करणारी पिशवी आयुष्यभरासाठी येते. रक्त पडायला लागल्यावर महिनाभर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून गुलकंद खात बसणं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करणं, यातला फरक माहितीच्या एका वाक्याचा असतो.

ऑक्टोबर २०१८ च्या त्या निकालाकडे मी म्हणूनच पुन्हा पुन्हा वळतो. कंपनी जिंकली, पण कशाच्या जोरावर? डॉक्टरांसाठीच्या माहितीपत्रकाबरोबरच रुग्णाच्या हातात पडणारे कागद न्यायालयासमोर होते. रुग्णांसाठीची पुस्तिका, औषधाबरोबर द्यायचं माहितीपत्र, सही करायचं संमतिपत्र. पोटात तीव्र दुखलं, जुलाब लागले, शौचातून रक्त गेलं तर औषध थांबवा आणि डॉक्टरांना कळवा, असं साध्या भाषेत त्यांत होतं. अमेरिकेतला रुग्ण हरला तेव्हा निदान ते वाक्य त्याच्या हातात दिलेलं होतं. आपल्याकडे रुग्णाच्या हातात काहीच न देता कंपनी जिंकू शकते, आणि तशी सोय खुद्द कायद्यातच आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. हा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात पहिल्यांदाच उत्पादनाच्या दोषाबद्दलच्या दायित्वाचं वेगळं प्रकरण आलं, कलम ८२ ते ८७. कलम ८४ वाचलं तर मन भरून येतं. उत्पादनाबरोबर हानी टाळण्यासाठी पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा नसेल तर उत्पादक जबाबदार. मग पान उलटून कलम ८७ वाचावं. त्यातल्या पोटकलम २ च्या खंड (ग) नुसार, जे उत्पादन कायद्याने फक्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायचं किंवा द्यायचं असतं, त्याबाबत उत्पादकाने त्या तज्ज्ञांना इशारा पोचवण्याची वाजवी व्यवस्था केली असेल, तर इशाऱ्याच्या अभावासाठी तो जबाबदार नाही. आयसोट्रेटिनॉइन, डॉक्सिसायक्लिन ही चिठ्ठीवर मिळणारी औषधं. म्हणजे कंपनीने डॉक्टरला सांगितलं की संपलं. डॉक्टरने पुढे सांगितलं का, मेडिकलवाल्याने सांगितलं का, हे कंपनीने बघायचं नाही.

या कलमामागे एक तर्क आहे आणि तो टाकाऊ नाही. डॉक्टर शिकलेला असतो, रुग्णाला ओळखतो, अर्धवट वाचून घाबरणाऱ्या माणसाला तो समजावू शकतो. युरोप-अमेरिकेतही हा विचार आहे. पण तिथे त्याच्या जोडीला कागद आहे. युरोपीय संघात औषधाच्या प्रत्येक पाकिटात रुग्णासाठीचं पत्रक असावं लागतं, आणि तेही त्या देशाच्या भाषेत. म्हणजे तिथे डॉक्टर बोलायला विसरला तरी कागद बोलतो. आपण त्यातला कंपनीच्या सोयीचा अर्धा भाग उचलला आणि रुग्णाच्या सोयीचा अर्धा सोडून दिला.

आणि आपला डॉक्टर? सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत एकेका रुग्णाला मिळणारी मिनिटं मोजून पाहावीत. मी डॉक्टरांना दोष देत नाही. दोन मिनिटांत निदान, चिठ्ठी, तपासण्या आणि वर पाच औषधांचे धोके सांगणं माणसाला शक्य नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात संमतीआधी उपचाराचं स्वरूप आणि त्यातले महत्त्वाचे धोके सांगावेत असं म्हटलं, पण दूरचे आणि केवळ शक्यतेच्या पातळीवरचे धोके सांगायलाच हवेत असं नाही, हेही म्हटलं. आतड्याच्या दाहाचा धोका त्या ‘दूरच्या’ खणात सहज बसेल. कंपनी म्हणणार डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर म्हणणार हा धोका फार दुर्मीळ. दोघांचंही कायद्याने बरोबर. मध्ये उरतो रुग्ण.

तरीही कुणाला खरोखर इजा झाली असेल तर दार पूर्ण बंद नाही. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पक्कं आहे. रक्ताची तपासणी न करता महिनोन्‌महिने आयसोट्रेटिनॉइन देणं, चिठ्ठी नसताना दुकानातून विकणं, हे दुर्मीळ धोका न सांगण्यापेक्षा वेगळं आहे. अशा बाबतीत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या किमतीच्या वस्तू-सेवेच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. एकाच प्रकारे बाधित झालेले अनेकजण असतील तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. अडचण आहे ती मुदतीची. कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. आपल्याकडे क्रोन्स आणि आतड्याचा क्षयरोग दिसायला इतके सारखे असतात की निदानच डळमळीत राहतं. कित्येक रुग्णांना आधी महिनोन्‌महिने क्षयाची औषधं दिली जातात, गुण येतो का बघितलं जातं, आणि मग क्रोन्सचं नाव निघतं. त्या धावपळीत दोन वर्षं संपतात. योग्य कारण दाखवलं तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण ते सगळं आयोगाच्या मर्जीवर. म्हणून चिठ्ठ्या, बिलं, रिपोर्ट, दुर्बिणीच्या तपासणीचे फोटो पहिल्या दिवसापासून एका फायलीत ठेवावेत. मेडिकलमधून बिल मागूनच घ्यावं, त्यावर बॅच नंबर असतो.

आणखी एक गोष्ट, जी कोर्टापेक्षा सोपी आहे आणि तरी जवळजवळ कुणीच करत नाही. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतः करू शकतो. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत चालणाऱ्या औषध-सतर्कता कार्यक्रमाची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४. अमेरिकेत आतड्याच्या दाहाची शंका सुरुवातीला पुढे आली ती अशाच नोंदींमधून. अशा नोंदी म्हणजे पुरावा नव्हे, हे त्या खटल्यांनी शिकवलंच. पण नोंदच नसेल तर कुणी प्रश्न विचारायलाही बसत नाही. भाचीच्या अन्ननलिकेची नोंद मी त्या हेल्पलाइनवर केली. आधी का केली नाही, तर अशी काही सोय आहे हे आमच्यापैकी कुणाला माहीतच नव्हतं.

माझी मागणी मोठी नाही. चिठ्ठीवरच्या औषधांच्या बाबतीत कलम ८७ चं संरक्षण उत्पादकाला तेव्हाच मिळावं, जेव्हा त्याने रुग्णासाठीचं पत्रकही, रुग्णाच्या भाषेत, रुग्णापर्यंत पोचेल अशा प्रकारे दिलेलं असेल. कागदाचा खर्च वाढतो असं कुणी म्हणेल, तर ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या ३०० ब्रँडांच्या पाकिटांवर क्यूआर कोड सक्तीचा आहेच. आज त्यात औषधाचं नाव, बॅच, उत्पादक, परवाना आणि मुदतीची तारीख सापडते. त्याच कोडमधून मराठी, कोकणी, हिंदी, कन्नड पत्रकही उघडू शकतं, आणि कोड प्रत्येक औषधावर येऊ शकतो. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी औषधांच्या पिशवीवर चार ओळी छापता येतात. फार्मासिस्टने रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणं तर २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमावलीत आधीच लिहिलेलं आहे. ते पाळलं जावं यासाठी नवा कायदाही नको.

आयसोट्रेटिनॉइन घेत असलेल्या कुणी हा लेख वाचून गोळी खिडकीतून फेकू नये. डॉक्टरांना विचारावं, माझे लिपिड, म्हणजे रक्तातली चरबी, तपासले का, पोटात काय झालं तर मी थांबायचं, घरात कुणाला आतड्याचा आजार होता हे सांगू का. डॉक्टर चांगला असेल तर त्याला हे प्रश्न आवडतील.

भाची आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे डॉक्टर बदलले, औषधही बदललं. परवा ती मेडिकलमध्ये उभी होती आणि काउंटरवरच्या मुलाने नेहमीप्रमाणे स्ट्रिप कापायला कात्री उचलली. तिने त्याला थांबवलं आणि बॉक्समधला तो घडी केलेला कागद मागून घेतला. त्याने दिला. पण मागे दोनजण रांगेत होते, त्यांच्या औषधांचे कागद बॉक्समध्येच राहिले.